जेवणावरचं जांभूळपाणी

एकोडी
९ जून २०२४

माही लाडाची रिंकू,

तुले अन् तुह्या पोटातल्याले तुह्या ताईचा आशीर्वाद. कैलाश जवाईले अन् तुह्या सासूबाईले, विमलाबाईले, माहा नमस्कार सांग. इकडे सारे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून तसंच लिहितो.

चिठ्ठी पाहून तुले नवल वाटन. पण फोन केला तर तू उचलत नाही. विमलाबाई उचलतात, अन् फोन मोठ्या आवाजावर ठेवून साऱ्या घरात फिरवतात. मले जे बोलायचं ते असं साऱ्या घरात बोलता येत नाही. गावची आनंदाबाई मासोळ्या घेऊन तुह्या सानगडीच्या बाजाराले येतेच, तिच्या हाती देऊन राहिली.

बाबा बरे आहेत. तलावावर आता रोज जात नाहीत. जाळं विणत बसतात, अर्ध्यावर आलं की उसवतात अन् म्हणतात, गाठ बरोबर नाही बसली. तलावाचं पाणी खूप खाली गेलं. आपल्या भावानं, इश्वरनं, पावसाच्या आधी घरावरचे कवेलू फेरले, तुह्या लग्नातली ती गळकी खोली यंदा गळणार नाही. मी धानाच्या रोवण्यावर जाणार आहो यंदा, पाऊस आला की. कंबर साथ देईन तेवढं.

तलावाच्या पाळीवरचं जांभूळ यंदा असं लागलं की खाली पाय ठेवायले जागा नाही. आनंदाबाई म्हणाली, तू टोपलीभर मागवले. मी नाही पाठवले, रिंकू. झाड उंच आहे, चढणारं कोणी नाही, असं समज. खरं तर खाली पडलेलेही आमच्या घरचं कोणी उचलत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसली ते लिहितो. परवा कैलाश जवाईचा फोन आला होता. त्यायनं तो चोरून केला, तू त्यायच्यावर चिडू नोको. म्हणाले, तुही शुगर वाढली, पोटातल्या लेकरासाठी डॉक्टरीणबाईनं इंजेक्शन लिहून देलं, अन् तू ते घेऊन नाही राहिली. भात खाल्ल्यावर गिलासभर जांभळाचं पाणी पितेस, तासाभरानं मशीनवर बोट टोचतेस अन् जवायले आकडा दाखवतेस, की पाहा, खाली आला.

मले आठवते तू ती मशीन पहिल्यांदा आपल्या घरी आणली तो दिवस. तुह्या बचत गटाचं जांभूळपाणी तेव्हा नवीनच सुरू झालं होतं. आईनं तुह्यासाठी झिंगे रांधले होते. तू म्हणाली, "आई, आज भात खा मनसोक्त, पण जांभूळपाणी नोको पिऊ. एका तासानं पाहू." तासाभरानं तू तिचं बोट टोचलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात, तेच झिंगे, अन् त्यावर गिलासभर जांभूळपाणी, साखर न टाकलेलं. आईचं तोंड असं वाकडं झालं होतं आंबटतुरट चवीनं! जीभ जांभळी करून ती बाबाले दाखवत होती. अन् आकडा खरंच कमी आला. बाबा म्हणाले, "बाप्पा, ही तर जादूच झाली." डॉक्टरनं आईचा भात शुगरसाठी बंद केल्यापासून ती भातापाशी अपराध्यासारखी बसत होती, त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तू खोटं काही केलं नव्हतं. आकडा मीही माह्या डोळ्यानं पाह्यला.

पुढचं राहू दे. तुले एवढंच सांगतो, इंजेक्शन घे. पहिलं लेकरू पोटात गेलं तेव्हा तुही शुगर कोणी पाह्यली पण नव्हती. या वेळेस पाह्यली आहे. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. काहून ऐकायचं ते विचारू नोको.

तू रागावलेली असली तरी तुही,
ममताताई


एकोडी
२८ जून २०२४

रिंकू,

तुही चिठ्ठी आनंदाबाईनं आणून देली. ती उभी होती तेव्हाच मी वाचली, अन् तिले मासोळीच्या टोपल्यासंगट आंगणातच बसवून ठेवलं, कारण उत्तर तिच्याच हाती द्यायचं होतं.

तू लिहिलं, "ज्या बहिणीनं मले माह्या मेलेल्या आईच्या पायावर डोकं ठेवू नाही देलं, तिनं माह्या पोटाची काळजी करू नये. आई माही जांभूळपाणी पिऊन चांगली होती, ती हार्टनं गेली. मले इंजेक्शनची भीती दाखवू नोको."

तीनदा वाचलं. मंग बाबाले वाचून दाखवलं. बाबानं हातातली गाठ अर्धीच सोडली. मंग म्हणाले, "सांगून टाक तिले. तुमची आई, गीता, वरून शिव्या देईन तर मी खाईन." म्हणून सांगतो. तू बसून वाच. कैलाश जवाई घरी असतील तेव्हाच वाच.

आई हार्टनं नाही गेली.

तुह्या त्या मशीनच्या दिवसानंतर आईनं गोळ्या कमी केल्या. आधी सकाळची सोडली, मंग रातची. आमच्यापैकी कोणालेच नाही सांगितलं. तू पाठवलेल्या बाटल्या मात्र तिनं एक दिवसही चुकवल्या नाहीत. भात खायची अन् गिलास प्यायची. तुही मशीन तुह्यासंगट सानगडीले गेली होती, मोजायचं कोण? अन् तू मोजलं होतं तेही जेवणानंतर तासाभरानं, तेवढंच. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी किती राहते ते आपण कोणीच पाह्यलं नाही. आपल्याले माहीतच नव्हतं की तेही पाहावं लागते.

मंग मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती तलावाच्या काठाशी हातजाळ्यानं मासोळ्या धरत होती, तेव्हा डाव्या पायात शिंप रुतली. तिले समजलंच नाही. तळवे तिचे आधीच सुन्न झाले होते, तेही तिनं कोणाले बोलून नाही दाखवलं. घरी आल्यावर मी पाह्यलं, उंबरठ्यावर रगत होतं. ती म्हणाली, "काही नाही, चिखल आहे." हळद भरली, फडकं बांधलं अन् कामाले लागली.

त्याच दिवसांत तुहं लेकरू गेलं. आईनं मले तुह्याकडे पाठवलं, स्वतः नाही आली. तुले तेव्हाही राग आला होता, मले माहीत आहे. तू म्हणाली होती, "आई काहून नाही आली?" मी सांगितलं, तिले ताप आहे. खरी गोष्ट ही की तिले पाय टेकवता येत नव्हता. घरात वास सुटला होता, रिंकू. ती अगरबत्त्या लावायची. बाबाले वाटे, देवधरम वाढला हिचा.

मी तुह्याकडून परत आली अन् जबरदस्तीनं फडकं सोडलं. अंगठ्यापासून घोट्यापावेतो पाय काळा पडला होता.

साकोलीले नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं मशीन लावली, तर मशीननं आकडाच नाही दाखवला. नुसतं इंग्रजीत 'हाय' आलं. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "मशीनले मोजता येईन त्याच्याही वर गेली." गोळ्या कोणत्या चालू आहेत विचारलं, तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"गोळ्या तं मी कवाच्याच बंद केल्या, बाई."

"काहून?"

"माही लहान पोरगी जांभळाचं पाणी पाठवते. त्यानं आकडा खाली येते. तिनं मले मोजून दाखवलं. मंग गोळ्या कायले?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची ओढून आईजवळ बसल्या अन् म्हणाल्या, "आजी, तुमच्या पोरीनं पाह्यलं ते खोटं नसन. तसं पाणी जेवणासंगट घेतलं तर जेवणानंतरची उसळी जराशी कमी येते कोणाकोणाले. पण तेवढ्यानं हा रोग नाही थांबत. तो दिवसभर, रातभर चालूच राहते. ते पाणी गोळ्यांसंगट प्यायचं होतं, गोळ्यांच्या जागी नाही."

आईनं मान हलवली. मले वाटलं, ती तुले काहीतरी बोलन. तर ती मले म्हणाली, "रिंकूले नोको सांगू हं."

नागपूरले नेलं. गुडघ्याच्या खाली पाय तोडला. जहर तोवर रगतात गेलं होतं. त्या वार्डातून ती तुह्याशी फोनवर बोलत होती, तुले आठवते? तू रोज रडायची, तुह्या लेकरासाठी, अन् ती तुले समजावायची. एकदा तू विचारलं, "आई, तो कशाचा आवाज येऊन राहिला?" पंखा होता तो वार्डातला, खडखड करणारा. आईनं म्हटलं, "तलावावर आहो ना, बेटा. वारा सुटला आहे." फोन ठेवला अन् मले म्हणाली, "ममता, शपथ घे. तिचं एक लेकरू आत्ताच गेलं. तिनं मले जीव लावून ते पाणी पाजलं. तिले समजलं तं तिले वाटन, आपणच आईले मारलं. ते ओझं तिले नोको देऊ. तिले सांगजो, हार्ट होतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाबानं घेतली. इश्वरनं घेतली. आनंदाबाईले मी घ्यायले लावली. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आता तुले ज्याचा राग आहे ते सांगतो. आईले घरी आणलं तेव्हा इश्वरनं साडीच्या आत, डाव्या बाजूले, फडक्यांचा गुंडाळा करून ठेवला होता. पायासारखा दिसावा म्हणून. दोन फडके कमी पडले तर मी माहा टावेल देला. तू गाडीतून उतरली अन् धावत सरळ पायथ्याशी आली. मी पायथ्याशीच बसली होती, त्यासाठीच बसली होती. तू डोकं टेकवायले वाकली, अन् तू डावीकडेच वाकली. तुह्या कपाळाले पाय नाही, चिंध्या लागल्या असत्या. मी तुले ढकललं. जोरात ढकललं, तू कोपरावर पडली, साऱ्या गावानं पाह्यलं. तू म्हणाली, "ताई, तू वैरीण आहे माही." मी म्हटलं, "उजवीकडून जा, डोक्याकडे जा." पण तू ऐकायच्या पलीकडे गेली होती. तेरवीलेही नाही आली.

ते तुह्या कोपराले लागलेलं मले अजून दिसते. पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा ढकलीन.

दोष कोणाचा ते मी ठरवत नाही. गोळ्या आईनं तिच्या हातानं सोडल्या. तू सोड म्हटलं होतं का, ते मी तिले विचारलं नाही, तुलेही विचारणार नाही. मी एकाच घरात राहून तिच्या गोळ्यांचा डबा कधी उघडून पाह्यला नाही, तेही आहेच. पण आई गेली. तुह्या पोटातलं अजून आहे. तू बोट टोचून जो आकडा कैलाश जवाईले दाखवतेस तो आम्ही पाह्यलेला आकडा आहे, रिंकू. तो आम्ही आनंदानं पाह्यला होता.

आईची शपथ मी मोडली. तिनं शपथ घातली ती तू जगावी म्हणून. मोडली तीही त्याच्यासाठीच.

उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. जवाईचा हात धर अन् जा. मंग मले जन्मभर वैरीण म्हण.

ममता


एकोडी
१७ नोव्हेंबर २०२४

रिंकू,

तुही पोरगी घरी आली हे आनंदाबाईनं सांगितलं. काचेच्या पेटीतून बाहेर आली, दूध ओढते, रडते पण खूप, असं म्हणाली. बाबानं ते पुन्हा पुन्हा सांगायले लावलं तिले. मी धानाच्या कापणीवर होती, बांधावरच बसली थोडा वेळ.

कैलाश जवाईनं मले सारं सांगितलं होतं मधे मधे. तू चिठ्ठी वाचून दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पदर खोचून निघाली, दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईपुढे पोट उघडं केलं अन् म्हटलं, टोचा. विमलाबाई आडव्या आल्या तर त्यायलेही तू काहीतरी बोलली, त्या अजून रुसलेल्या आहेत. शेवटी ऑपरेशन करावं लागलं, पोरीची शुगर एकदम खाली गेली होती, नागपूरले पळवावं लागलं. मी येतो म्हटलं तर जवाई म्हणाले, "ताई, सध्या नोको. ती तुमचं नाव काढू देत नाही." मी नाही आली.

मले वाटलं होतं, तू आईसाठी रडत असशील अन् त्यातून माह्यावर राग असन. ते मी धरूनच चालली होती. पण परवा तू पाठवलेल्या चिठ्ठीत आईचं नाव नव्हतं. नमस्कार नव्हता. एवढंच होतं:

"माह्या जांभूळपाण्याच्या दुकानाच्या बाजूले सुलोचनाबाई भाजी विकते. तिनं माहं ऐकून गोळ्या सोडल्या. तिचा एक डोळा गेला, दुसऱ्याचं सांगता येत नाही म्हणतात. आई गेली तेव्हाच तू मले सांगितलं असतं तर मी वर्षभर बाजारात ओरडून लोकायले हे पाजलं नसतं. तुम्ही साऱ्यायनं मले वाचवलं, अन् तिचा डोळा गेला."

मी तुले उत्तर लिहायले अनेकदा बसली. पहिल्यांदा लिहिलं, मले कुठं माहीत होतं तू लोकायले गोळ्या सोडा म्हणतेस. ते फाडलं. मले माहीत होतं. आनंदाबाई बाजारातून येऊन सांगे, रिंकूच्या दुकानावर गर्दी राहते, ती सांगते माही आई यानंच चांगली होती म्हणून. मी ऐकलं अन् चुलीत लाकूड सारलं. मले तेव्हा तूच दिसत होती. आईनंही मले तूच दाखवली होती. सानगडीच्या बाजारात अजून कोणाच्या आया आहेत, कोणाच्या बहिणी आहेत, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नाही आलं. शपथ घेताना एवढं मोठं वाटत होतं की आपण तुहं रक्षण करून राहिलो.

तुहं बरोबर आहे.

बाबाले मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यायनं विचारलं, "सुलोचनाबाई म्हणजे कोण, ती जाड बांगड्यावाली?" मी म्हटलं, मले माहीत नाही. ते उठून बाहेर गेले.

आनंदाबाई म्हणाली, तू दुकान बंद केलं. बाटल्या नालीत ओतल्या, गटाच्या बायका भांडल्या तुह्याशी. अन् आता पोरीले छातीशी बांधून बाजारात फिरतेस, ज्यानं ज्यानं तुह्याकडून घेतलं त्याले शोधतेस अन् म्हणतेस, गोळ्या सुरू करा, दवाखान्यात जा. कोणी ऐकते, कोणी हसते. एकानं म्हणे म्हटलं, "काल गोड सांगत होती, आज कडू सांगते, कोणतं खरं?" तुह्या टाक्याची जखम अजून ओली असन. थंडी पडली आहे. पोरीले बाजारातल्या धुळीत नेऊ नोको, हे लिहिणार होती, पण आता तुले काय करू नोको हे सांगायचा हक्क माहा राह्यला नाही.

एकच सांगतो. लोक तुहं ऐकत नाहीत कारण तू फक्त गोळ्या घ्या म्हणतेस. आईचं काय झालं ते तू सांगत नाही, असं आनंदाबाई म्हणाली. तुह्या तोंडून ते निघत नसन. तुले ते कागदावर वाचून माहीत झालं. तू काही पाह्यलं नाही, अन् मीच पाहू देलं नाही.

येत्या बाजाराले मी आनंदाबाईसंगट येतो. तू मले घरी नेऊ नोको, पोरगीही दाखवू नोको, तुह्या मनात नसन तर. आधी मी सुलोचनाबाईकडे जाईन. तिच्यापुढे काय बोलायचं ते मले माहीत नाही, जाऊन बसीन. मंग बाजारात तुह्या दुकानाच्या जागेवर उभी राहीन अन् जो थांबन त्याले सांगीन, की गीताबाई मेश्राम माही आई होती, ती जेवणावर जांभूळपाणी पीत होती अन् गोळ्या घेत नव्हती, अन् तिचा पाय कसा काळा पडला, कसा कापला, अन् आम्ही चिंध्या बांधून तिले कसं जाळलं. मी पाह्यलं आहे, मले सांगता येते.

तू बाजूले उभी राह्यली नाही तरी मी सांगीन.

तुह्यापासून जिनं लपवलं ती,
ममता